जुन्या टिलरची पुली आणि दुकानातील मापवही

दसऱ्याच्या आगेमागे कवठे महांकाळ तालुक्यातील द्राक्षबागांत फळछाटणीची धांदल असते. छाटणी झालेल्या वेलींना कोवळी फूट दिसू लागते आणि त्याच दिवसांत परतीचा पाऊस रेंगाळला, तर डाऊनीची धास्ती बसते. अशा हवेत फवारणीला एका दिवसाचाही विलंब परवडत नाही. नेमक्या याच वेळी बागेतील जुन्या पॉवर टिलरच्या इंजिनावरील पुली तडकते. इंजिन धडधाकट असते, गिअरपेटी शाबूत असते, टाकीत औषध कालवून ठेवलेले असते. परंतु इंजिनाची शक्ती पट्ट्यावर उतरविणारे ते वीतभर व्यासाचे बिडाचे चाकच नसल्यामुळे सारे यंत्र जागच्या जागी उभे राहते. यंत्र पंचवीस-तीस वर्षांचे, कंपनीची पाटी पुसलेली, आणि बाजारात तसा भाग तयार मिळत नाही.

शेतकरी प्रथम मिस्त्रीकडे जातो आणि मिस्त्री त्याला बाजारपेठेत पाठवितो. शेतीची अवजारे, पंप, पाइप, पट्टे, बेअरिंग विकणारी दुकाने चालविणारी जैन कुटुंबे या पट्ट्यात थोडी नाहीत. तेव्हा हा प्रश्न बहुधा कोणा श्रावकाच्याच काउंटरवर येऊन पडतो. फडक्यात गुंडाळलेले दोन तुकडे पुढे ठेवून शेतकरी विचारतो, "शेठ, ह्याची जोडी मिळंल का?"

"कुठल्या कंपनीचा टिलर, तात्या?"

"पाटी कवाच गेली. वडलांनी जुनाच घेतलेला."

यावर दोन उत्तरे संभवतात. "हा माल आता येत नाही," हे पहिले. ते खरेही असते, आणि संभाषण तेथेच संपते. दुसरे उत्तर प्रश्नाच्या रूपाने येते: "पट्टा आणलाय का? शाफ्टचं माप घेतलंय?" या दुसऱ्या उत्तराला वेळ लागतो, जाण लागते आणि नफा फारसा नसतो. तरीही जुन्या यंत्रांच्या या मुलखात दुकानाची पत पुष्कळदा याच उत्तराने ठरते.

अशी यंत्रे येथे इतकी का टिकून आहेत, हे तालुक्याच्या भूगोलातच दिसते. अग्रणी नदी वर्षातील बराच काळ कोरडी, पाऊस बेभरवशाचा. कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने काही गावांना आधार दिला आणि द्राक्ष व बेदाणा यांची शेती विस्तारली. वेलींच्या दोन ओळींमधील वाटेत मोठा ट्रॅक्टर सहज वळत नाही. मांडवाच्या तारा आणि खांब यांचे भान राखावे लागते. त्यामुळे दोन चाकांचा पॉवर टिलर आणि लहान ट्रॅक्टर यांना येथे महत्त्व आले. टिलर ओळींतील तण काढतो, ट्रेलर ओढतो, आणि इंजिनावर पट्टा चढवून फवारणीचा दाबपंपही चालवितो. एकाच पुलीवर इतकी कामे अवलंबून असतात.

मूळचे हे यंत्र जपानी भातखाचरांतील. भारतात ते रुजले ते जपानी सहकार्यातूनच. बंगळुरूच्या व्ही.एस.टी. कंपनीने १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने टिलरच्या निर्मितीचा उद्योग उभारला. केरळ शासनाची कामको कंपनी १९७३ साली स्थापन झाली आणि तिने कुबोटाच्या बनावटीचे टिलर काढले. अमेरिकेत याच सुमारास बंगल्याभोवतीची हिरवळ कापण्यासाठी चार चाकांचे छोटे बाग-ट्रॅक्टर निघाले. जॉन डिअरचा ११० हा त्यांपैकी प्रसिद्ध नमुना १९६३ सालचा. तेथे आज अशी जुनी यंत्रे हौसेने जपली जातात आणि त्यांच्या पुलीचा शोध हा निवृत्त माणसांचा विरंगुळा असतो. येथे तो विरंगुळा नव्हे. यंत्र बंद राहिले तर कर्जावर उभी असलेली बाग धोक्यात येते.

पट्टा आणि पुली यांची ओळख मात्र या भागाला टिलरच्या कितीतरी आधीची आहे. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या लोखंडी नांगराविषयी आरंभी शेतकऱ्यांत शंका होती. लोखंडाने जमीन विषारी होते, अशीही समजूत होती. गावोगाव हिंडून हा नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरविणाऱ्या विक्रेत्यांत एक जैन तरुण होता. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील, पुढे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून महाराष्ट्राला वंदनीय झालेले कर्मवीर, ते हेच. कर्मवीरांच्या चरित्रातील हा विक्रेतेपणाचा काळ व्यापारी कुटुंबांत जितका सांगितला जावा तितका सांगितला जात नाही. मुलांना शाळेत आणण्याआधी खेड्याची नाडी त्यांनी ओळखली, त्यात या फिरतीचा वाटा मोठा होता.

साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. तेथे १९३३ साली तयार झालेले डिझेल इंजिन देशात बनलेले पहिले डिझेल इंजिन म्हणून ओळखले जाते. १९४०च्या सुमारास हा कारखाना शेठ वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे आला. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंदांचे नाव जहाज, विमान आणि मोटार यांच्याशी जोडले जाते. विहिरीवरील इंजिनाशीही त्यांचा असा संबंध होता, हे अनेकांना ठाऊक नसते. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कूपर, किर्लोस्कर आणि पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनलेली इंजिने दक्षिण महाराष्ट्राच्या विहिरींवर दशकानुदशके धडधडत राहिली. त्यांतील कित्येक इंजिने आज भंगारात आहेत आणि त्यांच्या पुल्याही. नव्या पुलीच्या शोधात मोठा मोह तेथेच उभा असतो. पण आधी मापांचे पाहू.

तुटलेली पुली हाती असेल, तर अर्धे काम झालेले असते. बाहेरील व्यास व्हर्नियरने घ्यावा. पुलीचे तुकडे उडून गेले असतील आणि परिघाचा केवळ एक तुकडा शिल्लक असेल, तरीही व्यास काढता येतो. तुकड्याच्या दोन टोकांमध्ये सरळ पट्टी ठेवावी, ते अंतर मोजावे आणि पट्टीच्या मध्यापासून कमानीची उंची मोजावी. टोकांमधील अंतर १०० मिलिमीटर आणि उंची १३.४ मिलिमीटर भरली, तर अंतराच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागून त्यात उंचीची निमपट मिळविली की त्रिज्या मिळते: सुमारे १०० मिलिमीटर, म्हणजे पुली २०० मिलिमीटर व्यासाची. शाळेतील भूमितीचा हा साधा उपयोग दुकानात बसणाऱ्या मुलांना एकदा करून दाखवावा. पुन्हा सांगावा लागत नाही.

त्यानंतर पट्टा. यंत्राची पाटी पुसली गेली तरी पट्ट्यावरील अक्षर व आकडा पुष्कळदा वाचता येतो. व्ही पट्ट्यांत ए हा वरच्या बाजूस १३ मिलिमीटर रुंद व ८ मिलिमीटर जाड, बी हा १७ रुंद व ११ जाड, आणि सी हा २२ रुंद व १४ जाड. 'बी ५२' असे लिहिले असेल, तर तो बी जातीचा आणि आतील परिघ ५२ इंचांचा पट्टा. म्हणजे खाचेचा आकार पट्ट्यावरूनच कळला. इंजिनाच्या शाफ्टपासून क्लचच्या शाफ्टपर्यंतचे अंतर आणि क्लचवरील मोठ्या पुलीचा व्यास यांची भर पडली, तर हरवलेल्या पुलीचा व्यासही गणिताने निघतो. पुली पूर्णपणे नाहीशी झालेली असतानाही शोध संपत नाही, तो यामुळे.

खाचेच्या बाबतीत एक गोष्ट नवख्या टर्नरच्याही ध्यानात येत नाही. पट्ट्याच्या दोन्ही बाजू एकमेकींशी ४० अंशांचा कोन करतात, म्हणून तो खाचही ४० अंशांची कापतो. हे चुकीचे आहे. पट्टा पुलीवर वाकताना त्याची आतील बाजू फुगते आणि बाजूंचा कोन कमी होतो. पुली जितकी लहान, तितका हा फरक अधिक. यासाठी बी पट्ट्याच्या लहान पुलीला ३४ अंशांची आणि १९० मिलिमीटरहून मोठ्या पुलीला ३८ अंशांची खाच असते. पट्ट्याने बाजूंना धरावे, तळाला टेकू नये. जुन्या पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल, तर ती पुली तुटण्यापूर्वीच निकामी झालेली होती आणि मालक विनाकारण पट्टे बदलत होता. अशी झिजलेली पुली जशीच्या तशी नमुना म्हणून टर्नरच्या हाती दिली, तर झीजसुद्धा नव्या पुलीत उतरते.

टिलरला दोन किंवा तीन पट्टे शेजारी शेजारी असतात. बी पट्ट्यांच्या दोन खाचांतील अंतर १९ मिलिमीटर असते आणि सर्व खाचांचा व्यास अगदी सारखा असावा लागतो. एक खाच जरा खोल गेली, की त्या खाचेतील पट्टा सैल पडतो, उरलेल्यांवर सारा भार येतो आणि महिन्याभरात ग्राहक 'पट्टे हलके दिले' अशी तक्रार घेऊन येतो. दोष पट्ट्यांचा नसतो.

शेवटी मधले छिद्र, म्हणजे बोअर. येथे इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत घातक ठरते. जपानी बनावटीचे यंत्र मिलिमीटरचे. जुनी इंग्रजी धाटणीची इंजिने इंचांची. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. एक इंचाची पुली २५ मिलिमीटरच्या शाफ्टवर हाताने सहज सरकते, बसल्यासारखी वाटते, पण ०.४ मिलिमीटरचा खुळखुळा राहतो. सुरुवातीला तो जाणवत नाही. काही दिवसांनी चावी आपला गाळा खाऊ लागते आणि नुकसान पुलीवरून शाफ्टवर, म्हणजे स्वस्त भागावरून महाग भागावर जाते. चावीचे मापही पाहून घ्यावे: २५ मिलिमीटरच्या शाफ्टला ८ मिलिमीटर रुंदीची चावी असते, एक इंचाच्या शाफ्टला पाव इंचाची. काही टिलरांत पुली शाफ्टवर न बसता फ्लायव्हीलला बोल्टांनी आवळलेली असते. तेथे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास आणि पुली मध्यावर धरणारा कंगोरा, दोन्ही तंतोतंत असावे लागतात.

मापे हाती आल्यावर वाटा तीन. मोठ्या गावांतील पट्ट्यांच्या दुकानांत प्रमाणित मापांच्या व्ही पुल्या लहान कच्च्या बोअरसह तयार मिळतात. व्यास व खाचा जुळल्या, तर लेथवर बोअर वाढवून आणि चावीचा गाळा पाडून ती पुली एका दिवसात उभी राहते. मिरज किंवा सांगलीला जाऊन येण्याइतकाच खर्च वाढतो. शोध येथूनच सुरू व्हावा, तरी पुष्कळ लोक थेट ओतकामाच्या गोष्टी करू लागतात.

तयार पुली जुळली नाही, तर पोलादी गोलातून लेथवर कोरून घेणे ही दुसरी वाट. माल वाया जातो, पुली वजनाला भरते, टर्नरची मजुरी वाढते. परंतु पॅटर्न नको, भट्टीची वाट पाहणे नको आणि पोलाद बिडासारखे अचानक फुटत नाही. एकच नग हवा असेल तर बहुधा हीच वाट शहाणपणाची ठरते, जरी ओतीव पुली 'मूळ मालासारखी' दिसत असली तरी.

तिसरी वाट कोल्हापूरची. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांचे नाव देशभर आहे, आणि चार-सहा नग हवे असतील तर त्यांच्याकडे जाण्यात अर्थ आहे. येथे एक जुनी चूक वारंवार होते. तुटलेली पुली जोडून तीच वाळूत दाबली जाते आणि तिच्या ठशात बीड ओतले जाते. वितळलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. २०० मिलिमीटरच्या पुलीच्या ठशातून १९८ मिलिमीटरची पुली निघते; तिला लेथवर साफ करताना आणखी दोन-तीन मिलिमीटर जातात. इंजिनाची पुली लहान झाली की पुढच्या शाफ्टच्या फेऱ्या त्या प्रमाणात घटतात, पंपाचा दाब उतरतो, आणि शेतकरी पंपाचे वॉशर बदलत बसतो. जाणता पॅटर्नकार आकसण्याइतके माप वाढवितो, शिवाय घडाईसाठी वेगळी जाडी ठेवतो. लाकडी पॅटर्नचा खर्च पहिल्या नगाला जड वाटतो, पण तो पॅटर्न पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतो.

आता भंगारातील मोह. विहिरीवरील जुन्या इंजिनाची ३०० मिलिमीटर व्यासाची जाडजूड पुली वजनावर स्वस्तात मिळते. लेथवर खाचा पाडल्या, बोअर बदलला, की काम झाले, असे वाटते. पण ते जुने इंजिन मिनिटाला ६५० फेऱ्या घेणारे होते. त्या वेगाला पुलीची कड सेकंदाला सुमारे १० मीटर धावत असे. टिलरचे इंजिन २४०० फेऱ्या घेते. तीच पुली तेथे चढविली, तर कड सेकंदाला जवळजवळ ३८ मीटर धावू लागते. साध्या बिडाच्या पुलीसाठी सेकंदाला ३० मीटर ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. मर्यादेपलीकडे बीड ताण सोसत नाही. पुली एकाएकी फुटते आणि तुकडे गोळीसारखे उडतात. टिलर चालविणारा माणूस यंत्रापासून दोन हातांवर चालत असतो. मूळ मापाची २०० मिलिमीटरची पुलीसुद्धा २४०० फेऱ्यांना २५ मीटरच्या आसपास पोहोचते. म्हणजे तिच्यातही सुटीची जागा फार नाही. ओतकामातील एखादा पोकळ फुगा किंवा मधल्या भागातील केसाएवढी भेगही पुरे होते. तडकलेली पुली वेल्डिंगने सांधून देण्याचा आग्रह ग्राहकाने कितीही केला, तरी या जागी तो मानू नये.

हिंसेची चर्चा घरात सहसा ताटातील पदार्थांपुरती राहते. प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून, घडणारा प्राणघात शास्त्रकारांनी हिंसेतच गणला आहे. माप न पाहता दिलेली पुली या विवेचनापासून फार दूर नाही.

त्याच्या शेजारचाच प्रश्न बनावट मालाचा. जुन्या यंत्रांचे मूळ भाग मिळेनासे झाले की नामांकित कंपनीच्या खोक्यात, तिचाच शिक्का मारलेला दुसरा माल बाजारात येतो. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. कोल्हापूरला ओतून घेतलेली चांगली पुली 'कोल्हापूरची' म्हणून विकण्यात काही गैर नाही. मूळ कंपनीने साथ सोडलेल्या यंत्राला ती जीवदानच देते. तीच पुली 'ओरिजिनल' म्हणून विकणे हा गुन्हा आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार खोटे चिन्ह लावणे आणि तसा माल विकणे यासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

कायद्याच्या कितीतरी आधी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना आचार्य उमास्वामींनी, श्वेतांबर परंपरेतील उमास्वातींनी, प्रतिरूपक व्यवहाराचा उल्लेख केला आहे. असलासारखा दिसणारा नकली माल असल म्हणून खपविणे, हा त्याचा अर्थ. त्याच यादीत कमी-अधिक मापांचा व्यवहार आहे आणि चोरीचा माल घेणेही आहे. सुट्या भागांच्या धंद्यात हे तिन्ही रोज समोर येतात: खोक्यावरील शिक्का, बोअरचे खोटे माप आणि भंगारवाल्याने रात्री आणून टाकलेली, कोणाच्या तरी विहिरीवरून उचललेली पुली. दुकानदाराने बिलावर 'स्थानिक बनावट, बिडाची, मापानुसार' एवढे शब्द लिहिले, तर नफ्यात थोडी घट येईल. ग्राहक घासाघीस करील. पण पुढच्या वर्षी तोच ग्राहक शेजाऱ्याला घेऊन येतो, हाही बाजारातील अनुभव आहे.

एक अडचण उरते ती भांडवलाची. वर्षाला एक-दोनच खपणारी पुली किती दुकानदारांनी साठवावी? फळीवर वीस वर्षे धूळ खात पडलेला माल हा परिग्रह की सेवा, असा विनोद व्यापाऱ्यांच्या घरी होतो, आणि हिशेब करणाऱ्या तरुण पिढीला त्यात विनोद दिसत नाही. त्यांचे म्हणणे रास्त आहे. माल साठविण्याची गरज नाही, मापे साठवावीत. ज्या दुकानात रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते, तेथे मापांची एक वही ठेवणे मुळीच जड नाही. पुलीचे चित्र, बाहेरील व्यास, पट्ट्याची जात, आकडा व संख्या, खाचांतील अंतर, बोअर, चावी, मधल्या भागाची लांबी, शाफ्टच्या खांद्यापासून पहिल्या खाचेपर्यंतचे अंतर, इंजिनाच्या फेऱ्या, आणि पुली कशाची व कोठे बनविली, हे एका पानात मावते. खांद्यापासूनचे अंतर लिहायला लोक विसरतात आणि मग सारी मापे बरोबर असूनही पट्टा तिरका धावतो. पॅटर्न केला असेल तर तो कोणत्या ओतशाळेत ठेवला आहे, हेही त्याच पानावर असावे.

अशा वहीला आरंभ करण्याचा मुहूर्त वेगळा काढावा लागत नाही. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, दिवाळीला, नव्या वह्या येतातच. योगायोग असा, की द्राक्षबागांच्या घाईचे दिवस याच सुमारास असतात, आणि ओतशाळांतील कामगार सणासाठी गावी गेल्यामुळे भट्ट्याही याच वेळी थंड असतात. दिवाळीच्या आठवड्यात तुटलेली पुली ओतून मिळत नाही. वहीत माप असेल, तर लेथवाल्याला दूरध्वनीवर आकडे सांगून पोलादी गोलातून पुली काढून घेता येते. शेतकऱ्याला तुकडे घेऊन गावोगाव हिंडावे लागत नाही. श्रावणात, काम कमी असताना, ओळखीच्या चार-पाच जुन्या टिलरांची मापे शाबूत पुलीवरून घेऊन ठेवली तर आणखी चांगले. घरातील अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्यावे. व्हर्नियर धरण्याची सवय होते आणि ग्राहकही ओळखीचे होतात.

नवी पुली हाती आली की ती दोरीला टांगून लहान हातोडीने हळूच वाजवावी. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर बीड एकसंध. बोदा आवाज आला तर भेग असण्याचा संशय धरून ती परत करावी. मग तोल. गुळगुळीत सळई बोअरमध्ये घालून दोन समपातळीच्या पट्ट्यांवर पुली ठेवावी. जड बाजू आपोआप खाली येते. कडेजवळ, मध्यापासून ९० मिलिमीटरवर केवळ २० ग्रॅम वजन जादा असेल, तर २४०० फेऱ्यांना ते सुमारे साडेअकरा किलोच्या भाराइतका ओढा देते, आणि त्याची दिशा सेकंदाला चाळीस वेळा फिरते. इंजिनाचे बेअरिंग त्यानेच जाते. जड बाजूला ड्रिलने उथळ छिद्रे पाडून तोल साधता येतो.

बसविताना पुलीवर घणाचे घाव घालू नयेत. बीड ठोका सोसत नाही. शाफ्ट घासून स्वच्छ करावा, तेलाचा हात द्यावा आणि पुली समान दाबाने आत घ्यावी. दोन्ही पुल्यांच्या कडांवर ताणलेला दोरा सर्व ठिकाणी टेकला, तर त्या एका रेषेत आहेत. पट्टे सगळे एकदम नवे घालावेत, एक जुना व दोन नवे असे नव्हे. पहिल्या तासाभराने यंत्र थांबवून पट्ट्यांचा ताण आणि बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण नवे पट्टे खाचेत बसताना सैल पडतात. आणि पुलीवरील जाळी, जी बहुतेक जुन्या टिलरांवरून केव्हाच काढून गोठ्यात टाकलेली असते, ती शोधून पुन्हा लावावी.